हाताला बुजणारा पक्षी : भीतीची कारणे आणि विश्वासाच्या पायऱ्या

रायपूर : पिंजऱ्यातला पक्षी दाण्यांची वाट पाहतो, मात्र दाणे घालणारा हात आत शिरताच तो दूरच्या कोपऱ्यात सरकतो, सळयांवर पंख आपटतो किंवा चोच उघडून अंगावर येतो. पक्षी पाळणाऱ्या अनेक कुटुंबांना परिचित असलेला हा अनुभव 'पक्षी अजून माणसाळलेला नाही' अशा एका वाक्यात निकाली काढला जातो. प्रत्यक्षात हाताची भीती ही पक्ष्याची खोड नसून त्याचे संरक्षण असते. ती बळाने दाबता येत नाही. पक्ष्याला माघारीची मुभा दिल्यासच ती हळूहळू ओसरते.

छत्तीसगडमध्ये या विषयाला २०२४ साली एक वेगळे परिमाण लाभले. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात राज्याच्या वन विभागाने पोपट व अन्य संरक्षित पक्ष्यांची विक्री आणि पालन यांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. बिलासपूर येथे नागरिकांनी घरातील पोपट कानन पेंढारी प्राणिसंग्रहालयात आणून द्यावेत, असे आवाहन करण्यात आले. वर्षानुवर्षे घरात वाढलेल्या पक्ष्यांचे काय होणार, या चिंतेने पक्षीपालकांमध्ये खळबळ माजली. त्यानंतर काही दिवसांतच घरगुती पोपटांबाबतची कारवाई तूर्त थांबवून केंद्र सरकारचे मार्गदर्शन मागवण्यात येत असल्याचे विभागाने स्पष्ट केले. पक्ष्यांच्या विक्रीवरील बंदीला मात्र या खुलाशाने कोणतीही सूट मिळाली नाही.

ज्या प्रदेशात दिवाळीच्या सुमारास स्त्रिया धानाने भरलेल्या टोपलीत मातीचा पोपट ठेवून त्याभोवती सुआ नृत्य करतात, तेथे पोपटाविषयीची आत्मीयता नवी नाही. परंतु आत्मीयता आणि विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली माणसाच्या मनात असते, तर दुसरी पक्ष्याच्या.

कोणता पक्षी पाळता येतो?

पक्ष्याचा विश्वास संपादन करण्यापूर्वी तो पक्षी घरात ठेवण्याची कायद्याने मुभा आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गळ्याभोवती गुलाबी-काळा कंठ असलेला राघू, आकाराने मोठा करण पोपट आणि तुईया हे भारतीय पोपट संरक्षित आहेत. भारतीय वन्य पक्ष्यांना पकडण्यावर व त्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. २०२२ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन अनुसूचींची फेररचना झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. नव्या रचनेत राघूचा समावेश अनुसूची दोनमध्ये असून, तरतुदींच्या भंगाबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

विदेशी पक्ष्यांची स्थिती वेगळी आहे. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, सन कोन्युर यांसारखे पक्षी वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या, म्हणजे 'साइट्स'च्या यादीत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची माहिती 'परिवेश' या संकेतस्थळावर देऊन नोंदणी करणे बंधनकारक आहे. बाजारात अनेकदा 'लव्हबर्ड' या नावाने विकले जाणारे बजी आणि तुरेवाले कॉकाटील हे मूळचे ऑस्ट्रेलियातील पक्षी मात्र 'साइट्स'च्या यादीत नाहीत. पुढे दिलेल्या विश्वासाच्या पायऱ्या मुख्यत्वे अशा, कायदेशीररीत्या पाळलेल्या पक्ष्यांसाठी आहेत.

हाताची भीती कोठून येते?

पोपटवर्गीय पक्षी हे निसर्गात शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य असतात. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. मानवी डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, तर त्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या असतात. वेगवान हालचालीही त्यांची नजर अधिक बारकाईने टिपते. अशा पक्ष्याच्या डोक्यावरून झपकन येणारा, पाच बोटे पसरलेला हात हा ससाण्याच्या पंजाहून फारसा वेगळा भासत नाही. हात समोरून आणि पक्ष्याच्या छातीच्या पातळीवरून नेण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

मात्र ही भीती सर्वस्वी उपजत नसते. १९३० च्या दशकात कोन्राड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी लहान पक्ष्यांच्या डोक्यावरून पुठ्ठ्याची एक आकृती फिरवून प्रयोग केले. एका दिशेने नेल्यास ती आकृती ससाण्यासारखी, तर उलट दिशेने नेल्यास लांब मानेच्या हंसासारखी दिसे. ससाण्यासारख्या आकृतीने पक्षी अधिक घाबरतात, असा निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला. पुढे वोल्फगांग श्लाइट यांनी टर्की पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की जी आकृती वारंवार दाखवली जाते तिची भीती कमी होते आणि जी क्वचित दिसते तिची भीती टिकून राहते. दुसऱ्या शब्दांत, पक्षी नेहमीच्या निरुपद्रवी गोष्टीला सरावतो आणि अनोळखी गोष्टीला बुजतो.

याशिवाय पक्षी अनुभवातूनही शिकतो. दुकानातील गर्दीच्या पिंजऱ्यातून विक्रेत्याने पक्ष्याला मुठीत पकडलेले असते, खोक्यात कोंबलेले असते, पंख किंवा नखे कापलेली असतात. हे प्रत्येक काम हातानेच झालेले असते. चेहरा, आवाज किंवा कपडे यांच्यापेक्षा हाताचीच धास्ती अधिक बसते, ती यामुळे. मालकाच्या खांद्यावर निर्धास्त बसणारा पक्षी त्याच मालकाचा हात पुढे येताच उडून जातो, या विसंगतीचे उत्तरही यातच आहे.

पकडीची भीती निराधार नाही. पक्ष्यांना सस्तन प्राण्यांप्रमाणे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलवूनच ते श्वास घेतात. त्यामुळे छातीभोवती आवळलेली मूठ, ती कितीही प्रेमाने आवळलेली असली, तरी पक्ष्याचा श्वास कोंडते. ३०-४० ग्रॅम वजनाच्या बजीच्या बाबतीत तर काही क्षणांची घट्ट पकडही जीवघेणी ठरू शकते.

देहबोली काय सांगते?

विश्वास वाढतो आहे की घटतो आहे, हे पक्षी सतत सांगत असतो. अंगाची पिसे घट्ट चिकटवून, मान उंच करून ताठ उभे राहणे, शरीर मागे झुकवणे, धाप लागल्यासारखा श्वास, उघडी चोच ही भीतीची चिन्हे आहेत. डोळ्याच्या बाहुल्या भरभर लहान-मोठ्या होणे हे उत्तेजित अवस्थेचे लक्षण आहे. ती उत्सुकता आहे की राग, हे अन्य हालचालींवरून ओळखावे लागते. कॉकाटीलचा तुरा हे तर जणू उघडे पत्रच असते. तो ताठ उभा राहिल्यास पक्षी दचकलेला किंवा सावध असतो, डोक्याशी सपाट चिकटल्यास घाबरलेला किंवा रागावलेला असतो आणि सैलसर मागे झुकल्यास निवांत असतो.

याउलट एक पाय पोटाशी घेऊन बसणे, चोचीने पिसे साफ करणे, अंग फुलवून झटकणे, चोच हळूहळू घासणे ही स्वस्थतेची लक्षणे होत. माणसासमोर खाणे हे त्यांतील विशेष महत्त्वाचे लक्षण आहे. भक्ष्य असलेला प्राणी धोक्याच्या छायेत सहसा खात नाही. त्यामुळे जवळ माणूस असताना पक्ष्याने दाणा टिपला, तर त्या अंतरापुरता विश्वास निर्माण झाला असे मानता येते.

पूर्वी निर्धास्त असलेला पक्षी एकाएकी हात टाळू लागला, तर मात्र कारण शारीरिक असण्याची शक्यता प्रथम विचारात घ्यावी. पिसे गळून नवी येण्याच्या काळात कोवळ्या पिसांना स्पर्श झाल्यास वेदना होतात. दिवसभर अंग फुलवून बसणे, श्वासागणिक शेपूट हलणे, खाणे कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास प्रशिक्षण थांबवून पशुवैद्यकाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

विश्वासाच्या पायऱ्या

पहिली पायरी जागेची. नव्या पक्ष्याचा पिंजरा भिंतीलगत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवावा. चहूबाजूंनी उघडा पिंजरा पक्ष्याला अस्वस्थ ठेवतो; एक बाजू भिंतीची असली, तर त्याला पाठीमागून धोका वाटत नाही. रायपूरमध्ये उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या वर जातो. त्या काळात पिंजरा सज्जातून आत घ्यावा, परंतु कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. पहिले काही दिवस दाणापाणी बदलण्यापुरताच हात आत न्यावा व तोही सावकाश, आधी आवाज देऊन.

दुसरी पायरी अंतराची. पालकाने पिंजऱ्यापासून जितक्या अंतरावर पक्षी शांत राहतो, तितक्या अंतरावर बसावे. वर्तमानपत्र वाचावे, हळू आवाजात बोलावे. पक्ष्याकडे टक लावून पाहू नये, कारण रोखलेली नजर ही शिकाऱ्याची नजर असते. दररोज दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन बैठका पुरेशा होतात. पक्षी खाऊ-पिऊ लागला, पिसे साफ करू लागला, की खुर्ची थोडी पुढे घ्यावी. तो आक्रसला, तर पुन्हा मागे न्यावी.

ही माघारच या पद्धतीचा कणा आहे. पक्ष्याने अस्वस्थता दाखवताच माणूस मागे सरला, तर पक्ष्याला कळते, की आपले म्हणणे ऐकले जाते. ज्याचे मागे झुकणे दुर्लक्षित राहते, तो पक्षी पुढे चावण्याचा मार्ग अवलंबतो. कारण चावल्यावर हात निश्चितच मागे जातो. अनेक 'चावरे' पक्षी अशाच रीतीने घडतात. तेथे दोष पक्ष्याच्या स्वभावाचा नसून न ऐकलेल्या इशाऱ्यांचा असतो.

तिसरी पायरी खाऊची. पक्ष्याला सर्वाधिक आवडणारा पदार्थ शोधून तो रोजच्या भांड्यातून काढून घ्यावा आणि केवळ माणसाच्या सहवासातच द्यावा. बजीला राळ्याचे कणीस, कॉकाटीलला सूर्यफुलाच्या एक-दोन बिया, मोठ्या पोपटाला पेरूची किंवा डाळिंबाची फोड चालते. हिरवी मिरचीही पोपट आवडीने खातो, कारण मिरचीतील तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. अव्होकाडो, चॉकलेट, चहा व कॉफी हे पदार्थ पक्ष्यांना विषारी असल्याने कटाक्षाने टाळावेत. खाऊसाठी पक्ष्याला उपाशी ठेवणे मात्र सर्वथा अयोग्य आहे. लहान पक्ष्यांच्या शरीरात साठा अल्प असतो आणि एका दिवसाच्या उपासानेही त्यांचा जीव धोक्यात येऊ शकतो.

प्रारंभी खाऊ लांब दांड्याच्या चमच्यातून किंवा लांब कणसाच्या टोकावरून द्यावा. पक्षी टोक कुरतडू लागला, की दिवसागणिक पकड थोडी पुढे न्यावी, म्हणजे बोटे आणि चोच यांमधील अंतर कमी होत जाते. हात येथे पकडत नाही, केवळ देतो. जुन्या आठवणीतील हात आणि नवा हात यांत पक्षी हळूहळू भेद करू लागतो.

चौथी पायरी काडीची. एका साध्या लाकडी काडीचे टोक पक्ष्यासमोर काही अंतरावर धरावे. उत्सुकतेने त्याने चोच लावली, की त्याच क्षणी 'शाब्बास' असा ठरावीक शब्द उच्चारून खाऊ द्यावा. क्लिकर नावाच्या लहान उपकरणाचा टिकटिक आवाजही या कामी वापरतात. हळूहळू पक्षी काडीमागे चालू लागतो. या पद्धतीचा लाभ असा, की पक्षी ढकलला किंवा ओढला जात नाही. तो स्वतःच्या पायांनी येतो.

पाचवी पायरी हाताची. पक्षी काडीमागे निःशंक येऊ लागल्यावर प्रथम एक सुटी दांडी त्याच्यासमोर पोटाच्या खालच्या पातळीवर स्थिर धरावी आणि काडीच्या साह्याने त्याला तीवर पाऊल ठेवू द्यावे. पुढे दांडीवरील पकड आखूड करत न्यावी व अखेरीस दांडीच्या जागी बोट किंवा मनगट यावे. एक पाय बोटावर ठेवून पक्षी थांबला, तर तेवढ्यावरच खाऊ देऊन बैठक संपवावी. चढल्यावर काही सेकंदांत त्याला पुन्हा पिंजऱ्यातील दांडीवर उतरू द्यावे. हातावर जाणे म्हणजे अडकणे नव्हे, हे उमगल्यावरच पक्षी हातावर रेंगाळू लागतो.

या साऱ्याला किती काळ लागतो, याचे एकच उत्तर नाही. हाताने वाढवलेले पिल्लू काही दिवसांत बोटावर येते. दुकानात वाईट अनुभव घेतलेल्या पक्ष्याला कित्येक महिने लागतात. काही पक्षी हातावर कधीच बसत नाहीत, मात्र शेजारी बसून खातात, हाकेला साद देतात. तोही विश्वासच होय.

नकाराचा अधिकार

पोपटांच्या बुद्धिमत्तेच्या अभ्यासात आयरीन पेपरबर्ग यांच्या 'अ‍ॅलेक्स' या आफ्रिकन ग्रे पोपटाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९७७ मध्ये शिकागो परिसरातील दुकानातून आणलेला हा पोपट २००७ मध्ये मृत्यू पावेपर्यंत अभ्यासाचा विषय होता. वस्तूंची नावे, रंग, आकार, संख्या त्याला सांगता येत. परंतु 'नको' म्हणणे आणि कंटाळा आल्यावर परत जायचे आहे असे सांगणे, हेही त्याच्या शब्दसंग्रहात होते. पक्षी नकार देऊ शकतो, ही बाब संशोधकांनाही विचारात घ्यावी लागली.

घरगुती व्यवहारात मात्र हा नकार अनेकदा मोडून काढला जातो. हातमोजे घालून पक्ष्याला पकडून ठेवणे व तो धडपड थांबवेपर्यंत न सोडणे, ही जुनी रीत आजही काही जण अवलंबतात. धडपड थांबते, पण ती विश्वासामुळे नव्हे, तर प्रतिकार निरुपयोगी ठरल्यामुळे. पंख कापल्यानेही पक्षी विश्वासू होत नाही. त्याचा पळण्याचा मार्ग बंद होतो आणि चावणे हाच उपाय उरतो. चावल्यावर ओरडणे, चोचीवर टिचकी मारणे यांनीही भीतीच दृढ होते. औषधासाठी किंवा नखे कापण्यासाठी पकडणे अपरिहार्य असेल, तर मऊ पंचा वापरावा, छातीवर दाब येऊ देऊ नये आणि शक्यतो हे काम पशुवैद्यकाकडून करवून घ्यावे.

पक्ष्याला खोलीत मोकळे सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करणे, खिडक्यांवर पडदे ओढणे, स्वयंपाकघराचे दार लावणे या दक्षता अनिवार्य आहेत. अति तापलेल्या नॉनस्टिक भांड्यांतून निघणारी वाफ पक्ष्यांना अल्पावधीत मारक ठरते. दिवाळीतील फटाक्यांच्या आवाजानेही महिन्यांची प्रगती मागे पडू शकते. अशा वेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून, परंतु अधिक वेगाने वाटचाल करता येते.

जेव्हा भीती जपायची असते

हे सर्व पिंजऱ्यातच जन्मलेल्या आणि माणसाच्या सहवासातच जगणार असलेल्या पक्ष्यांबाबत खरे आहे. घरट्यातून खाली पडलेले राघूचे पिल्लू किंवा पतंगाच्या मांज्याने जखमी झालेला वन्य पक्षी हाती आल्यास नियम नेमका उलटतो. अशा पक्ष्याची हाताविषयीची भीती हीच त्याची शिदोरी असते. ती घालवली, तर मुक्त झाल्यावर तो माणसाजवळ, मांजराजवळ, पकडणाऱ्याजवळ निर्धास्त जाईल. म्हणून त्याला न खेळवता, कमीत कमी हाताळून वन विभागाकडे किंवा अधिकृत बचाव केंद्राकडे सोपवणे योग्य ठरते.

वर्षानुवर्षे घरात राहिलेल्या राघूचा प्रश्न अधिक कठीण आहे. पिंजऱ्यात पोपट २०-२५ वर्षेही जगतो. इतका काळ वाटीतील दाणे खाल्लेल्या पक्ष्याला अन्न शोधणे, दूर उडणे, शिकाऱ्याला ओळखणे येत नाही. त्याला घाईने आकाशात सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे. तो अन्यत्र हलवला, तरी अनोळखी हातांची भीती नव्याने सुरू होते. २०२४ च्या आदेशानंतर उमटलेल्या अस्वस्थतेच्या मुळाशी हाच पेच होता : पक्ष्याने टाकलेला विश्वास कायद्याच्या चौकटीबाहेर संपादन केलेला असला, तरी पक्ष्याच्या दृष्टीने तो खराच असतो. बेकायदा विक्रेत्याकडून नवे पिल्लू विकत न घेणे, एवढाच या पेचाचा मुळातून उपाय आहे.

छत्तीसगडचा राज्यपक्षी असलेल्या पहाडी मैनेची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी ही मैना तिच्या याच गुणामुळे पिंजऱ्यांत गेली. जगदलपूर येथे मोठा पिंजरा उभारून तिच्या प्रजननाचा प्रयत्न दीर्घकाळ करण्यात आला, परंतु त्याला अपेक्षित यश लाभले नाही. पुढे बस्तरमधील कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात स्थानिक आदिवासी युवकांना 'मैना मित्र' म्हणून सोबत घेऊन, झाडांच्या ढोलीतील घरट्यांवर दुरून लक्ष ठेवण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. घरटी माणसाच्या हातापासून सुरक्षित राहावीत, हाच या उपक्रमाचा गाभा आहे.

पिंजऱ्यातील बजी असो वा ढोलीतील मैना, दोन्ही ठिकाणी पहिले पाऊल माणसाने मागे घ्यायचे असते. जंगलातील पक्ष्याच्या बाबतीत ते मागेच राहणे योग्य असते. घरातील पक्षी मात्र त्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या वेळेने, पुढे येऊ शकतो.